मधल्या खोलीतली हळद

४ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा पिवळं! सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोट फिरवलं तर बोट हळदीचं. घरामागच्या आवारात हळद पॉलिश करायचा ड्रम सुरू झालाय. दिवसभर घरघर. उडतो तो सगळा धुराळा आमच्या मधल्या खोलीत — म्हणजे माझ्या सुनेच्या, शिलाच्या ऑफिसात.

काल तिच्या साहेबाने फोनवर बजावलं म्हणे, "मीटिंगमध्ये लॅपटॉपचं मशीन बंद पडलं तर घरून काम बंद. पुण्याला यावं लागेल." माझा लेक मुन्ना, तिचा नवरा, तिकडेच नोकरीला आहे. मालक वारले तेव्हापासून सूनबाई माझ्यासाठी इथे जवळा बाजारला राहिली. ती गेली की माझी नात आरोहीही गेली. मग मी काय भिंतींशी बोलू?

न्हाई! एक कण आत येऊ देणार नाही.

५ एप्रिल, शनिवार

आज शिलाला सुट्टी. टेबल अगदी घासूनपुसून काढलं. आधी बटण बंद, मग वायर काढायची, मगच फडका — हे शिलाने शिकवलेलं. फडका मालकांच्या जुन्या धोतराचा, लोण्यासारखा मऊ. पडद्याला पाणी लावायचं नाही. अक्षरांच्या बटणांमधून रंगाचा कोरा ब्रश फिरवला तर आरोहीच्या बिस्किटाचा हा एवढा चुरा! मग कानाला लावायचं ते, माऊस, वायफायचा डबा.

शेवटी हळदकुंकू, दोन अक्षता. हे तर रोजचंच. औताला करतो, जात्याला करतो. घराच्या पोटाला घालतं त्याला काहून नको?

स्वयंपाकघरातल्या मागच्या दाराच्या सगळ्या फटींवर चिकटपट्टी मारली. खिडकीवरही. आता ये म्हणावं हळदीला!

८ एप्रिल, मंगळवार

मागचं दार बंद, म्हणजे बाहेर जायला एकच वाट राहिली — शिलाच्या खुर्चीमागून. मीटिंग चालू असताना तिथून जायचं नाही, कॅमेऱ्यात दिसते. काल मी घमेलं घेऊन गेले तर पलीकडून कुणीतरी फिसकन् हसलं. पोरगी कानापर्यंत लाल.

म्हणून ती कामाला बसली की मी स्वयंपाकघरात. दिवस कलेपर्यंत. कुकरची शिट्टी नको, म्हणून डाळ पातेल्यात. खोकला आला की तोंडात पदर. दावणीची गाय बरी बाई — हंबरता तरी येतं.

१० एप्रिल

ऊन मरणाचं. पंखा लावला की धूळ उडते, म्हणून पंखाही बंद. घामाने लुगडं अंगाला चिकटलेलं. तेवढ्यात मागचं दार वाजलं. भिकाबाई! आम्ही दोघी ह्या गल्लीत एकाच साली नांदायला आलो.

"शकू! ए शकू! जित्ती हाय का गेली?"

मी दाराला तोंड लावून हळूच म्हटलं, "मीटिंग हाय."

"तुही मीटिंग? कलेक्टर झाली का गं? पापड वाळून राहिले तिकडं, चल लवकर."

"दार चिकटवलंय."

"कोनं?"

"मीच."

तिने दार ढकलून पाहिलं. मग म्हणाली, "बरं बाई." चपला फटक फटक गेल्या. लांबपर्यंत ऐकत उभी राहिले.

११ एप्रिल

आरोहीने विचारलं, "आजी, तू काय चूक केली? तुला काहून कोंडलंय?"

१५ एप्रिल, मंगळवार

झालं! भर मीटिंगमध्ये मशीन तापलं आणि बंद. शिला पडद्याकडे बघत तशीच बसून राहिली.

खेमाला बोलावलं. तांड्यावरचा पोरगा, बाजारात मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने मशीन उलटं करून उघडलं. मी आपली आधीच सुरू — "त्या ड्रमवाल्याच्या हळदीनं वाटोळं केलं रे बाबा."

"आजी, ड्रमवाल्याच्या हळदीत कुंकू असते का?"

"म्हंजे?"

"हे पाहा, लाल हाय." मग चिमट्याने मशीनच्या छोट्या पंख्यातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. तांदूळ! "पूजा करून राहिले का तुमी याची?"

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. घराच्या फटी बुजवत बसले, आणि हळद आत जात होती माझ्याच चिमटीतून. काखेत कळसा अन् गावाला वळसा — दुसरं काय!

वाटलं, आता शिला बोलणार. ती म्हणाली, "आई, नारळ तेवढा फोडायचा राहिला का हो?" आणि हसायला लागली. पोट धरून हसली. हसता हसता रडायला लागली. थांबेचना. खेमा बिचारा खाली मान घालून स्क्रू आवळत बसला.

१६ एप्रिल

मशीन चालू झालं. साहेबाने एवढ्या वेळी सोडून दिलं म्हणे. चिकटपट्ट्या मीच ओरबाडून काढल्या. दार उघडलं तर काय वारा आला!

शिलाला विचारलं, काल रडली काहून? काही नाही म्हणाली. मग पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता —

"ते बंद पडलं ना आई, तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, सुटले."

"कशातून गं?"

"त्या खोलीतून."

लाटणं थांबलं नाही. मुन्नाचं नाव तिने काढलं नाही. माझंही नाही.

१८ एप्रिल

दोन दिवस एकच डोक्यात. दार मी चिकटवलं, पण आत एकटी मी नव्हते. आरोही आठवड्यातून एकदा बापाला फोनमध्ये बघते, फोनलाच पापा देते. मशीन मी कुणासाठी पुसत होते?

२१ एप्रिल, सोमवार

आज बोलले. "जा पुण्याला. लेकराला बाप लागतो."

"अन् तुमी?"

"मला भिकाबाई हाय, गल्ली हाय. रडले तर फोन करीन."

"तुमीबी चला ना आई."

"दिवाळीला येईन. आता मला कोंडू नको."

तोंडाने म्हणाले खरं.

२२ एप्रिल

शिलाने साहेबाला लिहिलं — जूनपासून पुण्याला येते. पाठवायचं बटण तिला दाबवेना. तिचा हात बाजूला केला आणि मीच दाबलं.