लाल पिंपळपानाची घरगाडी

फ्रेजरपुरा, अमरावती
रविवार, ता. ११ फेब्रुवारी १९६८

तीर्थरूप पुंजाजीदादा यांस,

धाकट्या मनकर्णाचा वाकून जयभीम. वि. वि. इकडे आम्ही नवराबायको आणि पाचही लेकरं खुशाल आहोत. तिकडची खुशाली तुम्ही कळवणार नाही, कारण तुम्ही रागावलेले आहात. म्हणून तुमच्या गुडघ्याची चौकशी मी तेल्हाऱ्याहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे करते. जवसाचं तेल चोळता की शिशी नुसती कोनाड्यात ठेवून तिच्याकडे पाहता? वहिनींना नमस्कार.

तुमचं पोस्टकार्ड पोचलं. पोस्टकार्डच असल्यामुळे ते आधी पोस्टमनने वाचलं, मग शेजारच्या भागीरथाबाईंनी कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि शेवटी मला मिळालं. "ते भंगार विका, तोवर माझ्या दारात पाय ठेवू नका" हे वाक्य आता आमच्या गल्लीतल्या लेकराबाळांना पाठ झालं आहे. (मी शाळेत मास्तरीण; मी शिकवलेल्या कविता त्यांना इतक्या लवकर पाठ होत नाहीत.) म्हणून हे उत्तर पाकिटातून.

तुमचा हुकूम मान्य आहे. घरगाडी विकायची. आमच्या यांना तसं सांगितलं तर हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी भरल्या वांग्याची भाजी केली होती, म्हणून जेवले, पण गाडीत बसून जेवले. पण दादा, तुमच्या शालूच्या लग्नात मांडवात जे झालं त्यात गाडीचा कसूर किती आणि माणसांचा किती, एवढं एकदा मला लिहू द्या. नंतर तुम्ही म्हणाल ते.

गाडी तुम्ही पाहिली आहे, पण तिची कुळकथा तुम्ही कधी ऐकून घेतली नाही. जंगलखात्यातल्या कोण्या गोऱ्या साहेबाने ती हौसेने स्वतःसाठी बांधून घेतली. खाली लॉरीचा सांगाडा, वर परतवाड्याच्या सुताराने उभं केलेलं सागाचं घर. आत भिंतीला लागून दोन बाकं, ओढली की पलंग होतात. एक टेबल, उचललं की भिंतीत जातं. एक पांढरं तसराळं तोंड धुवायला. आणि बंदूक ठेवायच्या दोन खुंट्या, ज्यांवर मी लाटणं आणि झारा ठेवते. साहेब या घरासकट सेमाडोहच्या रानात महिना महिना राही. तो विलायतेला गेला तेव्हा गाडी एका दवाखान्याला मिळाली. त्यांनी तिला पांढरा रंग दिला, दोन्ही बाजूंनी लाल फुली काढली आणि आमच्या यांना चालवायला ठेवलं. आठ वर्षांनी तो दवाखाना बंद झाला. सामान विकायला निघालं, त्यात ही. हे म्हणाले, "आठ वर्षं हिच्यात राहून रोग्यांची सेवा केली, आता हिले भंगारवाला तोडून राहिला हे माह्याच्यानं पाहवत नाही." आणि घेऊन आले. मी तेव्हा महिनाभर बोलले नाही. (खोटं. सोळा दिवस.)

पण दादा, छप्पन साली नागपूरला दीक्षेला आपण तिच्यातूनच गेलो ना? सतरा माणसं, दोन पिंपे पाणी, भाकरींची टोपली. आपली माय जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसली होती. साहेबाच्या बाकावर आडवी झाली आणि म्हणाली, "यानं इतकी मोठी बंदूक ठेवली, पण उशी काई ठेवली नाही." तिवश्याच्या चढावर गाडी थांबली तेव्हा तुम्ही, पांढरं धोतर वर खोचून, एकट्याने अर्धी ढकलली. माय खिडकीतून तुम्हाला सांगत होती की पाठीचा जोर लाव, हाताचा नको. येताना आपण सगळे नवीनच माणसं होऊन आलो, आणि गाडीसुद्धा एकदाही बंद पडली नाही. माय गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. त्या खिडकीची काच ती पदराने पुसे. आजही तिथून मला तिच्या नजरेचा रस्ता दिसतो. असो. शाईचा डाग पडला आहे तो शाईचाच आहे.

तर नागपूरहून आल्यावर हे म्हणाले, आता ही फुली नको, आपलं काही तरी काढू. किसनराव पेंटरला बोलावलं. पिंपळपान काढायचं ठरलं. किसनरावांनी हिरवा रंग सांगितला होता, पण हिरव्यातून जुनी लाल फुली वर येऊ लागली. तेव्हा त्यांनी डोकं चालवून पानच लाल करून टाकलं. देठाकडची रुंद बाजू वर, टोक खाली, जसं झाडाला लटकतं तसं. दोन्ही बाजूंना एकेक. सुंदर दिसे. अकरा वर्षं लोक त्या पानाकडे पाहून हात जोडत होते. यात आमची काही चूक होती का, तुम्हीच सांगा.

पण गेल्या साल-दीड सालात सरकारने गावोगावच्या भिंतींवर तो लाल त्रिकोण काढला, कुटुंबनियोजनाचा, 'दोन किंवा तीन पुरे' वाला, टोक खाली. तोच त्रिकोण लावून नसबंदीची मोटार गावोगाव फिरते. आणि शंभर हातांवरून पाहिलं की किसनरावांचं पिंपळपान आणि सरकारचा त्रिकोण यांत दादा, मलासुद्धा फरक दिसत नाही.

पहिला अनुभव नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात आला. आम्ही मिरच्या घ्यायला थांबलो आणि बघता बघता बाजारातून पुरुषजात नाहीशी झाली. तराजूत वांगी तशीच, धोतर विकणारा धोतरं टाकून पसार, न्हाव्याच्या पुढे बसलेला अर्ध्या दाढीने ज्वारीत शिरला. बाया मात्र हसत होत्या. एकीने तर यांना बोटाने दाखवून दिलं की आमचा तिकडे, त्या कडब्याच्या गंजीमागे आहे. तेवढ्यात एक पंचाहत्तरीचे आजोबा काठी टेकत आले आणि गाडीत चढून बाकावर निजले. म्हणाले, "करा बाप्पा काय कराचं ते. बालटी भेटते म्हणतात." हे म्हणाले, "बाबाजी, ही ते गाडी नाही." आजोबा असे चिडले! "गरीबाले नाही म्हणता? जवानाईलेच देता बालटी?" शेवटी आमची घरची बालटी देऊन त्यांना उतरवावं लागलं. तेव्हापासून आम्ही तांब्याने आंघोळ करतो.

एवढं कळूनही लग्नाला गाडी का आणली, हा तुमचा सवाल. कारण अमरावतीची चौदा माणसं, शिवाय आहेर, शिवाय तुम्हीच मागवलेली दोन मोठी पातेली. आणि हे म्हणाले, दादाच्या गावात आपल्याला कोण ओळखत नाही? तुमच्या गावात ओळखत होते हो. पण वऱ्हाड मूर्तिजापूरचं होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी मी काय पाहिलं ते सांगते. आमची गाडी आंब्याच्या झाडापाशी वळली, पान उन्हात चमकलं, आणि मांडवातून कोणीतरी ओरडलं, "आली रे आली!" पंगत उठली. बँडवाला ढोल गळ्यात घेऊनच पळाला, त्यामुळे तो कुठल्या तुरीत आहे ते सगळ्यांना ऐकू येत होतं. तुमचे व्याही देवमनराव, साठीचे गृहस्थ, कुंपणावरून गेले. भोंग्यावर तुमच्या चुलतभावाने सांगायला सुरुवात केली की भिऊ नका, हे आपले धर्मपाल जावई आहेत, पण बोलता बोलता त्यालाच शंका आली आणि भोंगा बंद झाला. आणि दादा, रागावू नका, पण चार लेकरांचे बाप असलेले तुम्हीसुद्धा विहिरीपर्यंत गेला होता. मी सगळ्यांना सांगितलं की दादा बैल बांधायला गेले. बैल गोठ्यातच बांधलेले होते हे कोणाच्या लक्षात आलं नाही. (देवमनरावांच्या आलं. पण ते स्वतः कुंपणात अडकलेले होते, म्हणून बोलले नाहीत.)

मग बोंब उठली की नवरदेवही नाही. वहिनी रडायला लागल्या, तुम्ही यांची कॉलर धरलीत, आणि मी घाबरून आहेराचं लुगडं आणायच्या मिषाने गाडीत गेले. तर तिथे आमच्या माठातलं पाणी पीत, पांढऱ्या कपड्यांत, नवरदेव शेषराव बसलेले! तुम्हाला मी "शेताकडून परत आले" असं सांगितलं. शेताकडे ते गेलेच नव्हते.

मी म्हटलं, "काहून जी, तुमीबी भेले का?"

"मी काहून भिऊ? मी एस.टी.त कंडक्टर हाय, माह्या गाडीवर रोज तोच त्रिकोण असते," ते म्हणाले. "सगळे पळाले, म्हणून मले जागा सापडली. तीन महिन्यांपासून मी तिच्याशी दोन शब्द बोलाचं म्हणून राहिलो. पाहाले आलो तवा अकरा जण बसले होते. तिले कोणी इचारलं का, की तुले हे लग्न कराचं हाय का म्हणून?"

दादा, मी अठरा वर्षं शिकवते आहे. खरं बोलणारं पोरगं मला ओळखू येतं. मी वहिनींना म्हटलं, शालूच्या निऱ्या सुटल्या, नीट करून आणते. आणि तिला गाडीत नेऊन बसवलं. टेबलाच्या इकडे ती, तिकडे ते. मी बाहेर पायरीवर बसले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण बाहेर आले तेव्हा दोघांचीही तोंडं उजळली होती, आणि त्रिसरण म्हणताना शालूचा आवाज सगळ्यांत मोठा होता, हे तुम्हीही ऐकलं.

तेव्हा गाडीचा कसूर एवढाच. तरीही तुमचा शब्द मोठा. बडनेऱ्याचे खुशालराव कोंबड्या ठेवायला गाडी मागत आहेत. हे त्यांच्याशी बोलायला जायचं म्हणतात आणि रोज उंबऱ्यातून परत येतात. मी पाठवते. तुम्ही राग सोडावा, गुडघ्याला जपावं, आणि लहान बहिणीला दार उघडावं, एवढंच मागणं.

तुमची,
मनकर्णा

ता. क. वर एक खोटं लिहिलं गेलं. पायरीवर बसून मी सगळं ऐकलं. सागाची फळी जुनी, तिला भेगा आहेत. शालू म्हणाली, "लग्न कराचं हाय. पण मले मॅट्रिकबी कराची हाय. मागच्या साली आई आजारी होती म्हणून राहिली, औंदा बाबानं लग्न काढलं." शेषराव म्हणाले, "मंग दोन्ही करू." "कसं? तुमच्या घरी सोळा माणसं." तेव्हा त्यांनी गाडीत चहूकडे पाहिलं, टेबल उचलून पाहिलं, आणि विचारलं, "इथं माणूस राहू शकते का?" तर दादा, शालू मूर्तिजापूरला नाही. जानेवारीच्या दहा तारखेपासून आमच्या अंगणात, घरगाडीत आहे. आमच्या दोन खोल्यांत पाच लेकरांच्या कालव्यात अभ्यास होत नाही, गाडीत होतो. बाहेरून बसायचा फॉर्म मी ऑक्टोबरातच भरून ठेवला होता, तुम्हाला न विचारता. त्याबद्दल काय बोलायचं ते मला बोला, तिला नाही. जावई दर शनिवारी येतात आणि तिची गणितं तपासतात. त्यामुळे परीक्षा होईपर्यंत गाडी विकता येत नाही.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं. विहीण केशरबाईंना जावयांनी सांगितलं आहे की शालू तेल्हाऱ्याला तुमच्याकडे आहे, कारण वहिनींची तब्येत बरी नाही. केशरबाई पुढल्या रविवारी भेटायला तुमच्याकडे निघणार आहेत. तरी कृपा करून त्यांना उलट टपाली कळवा की वहिनींचे डोळे आले आहेत, साथ मोठी आहे, महिनाभर कोणी येऊ नये. वहिनींनी दाराशी कोणी दिसलं तर डोळ्यांना ओला फडका धरावा.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते उकलून लिहिते. आत्ता दुपारी रिक्षातून केशरबाई उतरल्या! मी पाकीट पदराखाली लपवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ गाडीत गेल्या, शालूच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला, आणि आता पायरीवर बसून आमच्या लेकरांना दटावत आहेत, "आवाज करू नोका रे, माही सून शिकून राहिली." मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणाल्या, "पोरगं खोटं बोललं का त्याचा डावा कान लाल होते. पयल्याच दिवशी समजलं. तेल्हाऱ्याले जातो म्हटलं, ते त्याचा कान पाहाले. पर पुंजाजी व्याह्याले सांगू नोका, ते लय भडक हायत, पोरीच्या मनावर परिनाम होईन." म्हणजे दादा, सगळ्यांना माहीत होतं, तुम्ही सोडून. हे मला बरं वाटेना, म्हणून त्यांची मनाई मोडून पत्र टाकते. डोळे येण्याची आता गरज नाही.

आणि हे तुम्हाला कोणी वाचून दाखवत असेल आणि ते वाचताना वहिनी चुलीपाशी जरा जास्तच गप्प असतील, तर त्यांच्यावर रागावू नका. तुम्हाला सांगायला मार्च लागेपर्यंत थांब, एवढंच त्यांनी मला म्हटलं होतं. पेपरांच्या आदल्या दिवशीच त्या इथे येणार आहेत, आठ दिवसांसाठी. त्या आठ दिवसांत तुमच्या भाकरीचं काय, ते त्यांना आजच विचारून ठेवा.