बेचाळिसावर शांतता

३ मार्च

रेडिओ सेटचा नॉब पुन्हा सटकला! म्हणजे नॉब गोल फिरतो, पांढरी रेघ आकड्यांवरून सरकते, पण आतली दांडी जागची हलत नाही आणि कानात तीच खरखर. मेला बाजूचा बारका स्क्रू सैल झालाय. तीनदा दाबून धरून फिरवला तेव्हा कुठे पोरीचा आवाज सापडला. जेमतेम पाच मिनिटं बोलली. वारा बरा आहे, जेवले, झोपले, तू गोळी घेतलीस का. बास.

मी विचारलं, भीती नाही ना वाटत? हसली. की खरखर होती, कोण जाणे.

बापावर गेली आहे. हे असेच होते, कशाने बिचकायचे नाहीत. मी मात्र फोन वाजला तरी दचकणारी. आणि पोरीने काम काय निवडावं — लोकांनी विकत घेतलेल्या शिडाच्या बोटी समुद्रातून त्यांच्या घरपोच करायच्या! आजवर कप्तानाच्या हाताखाली जायची. ही पहिली खेप एकटीची. मालकाने भरवसा टाकलाय, ही नीट पार पडली की पुढच्या बोटी तिच्याच नावावर. मला कौतुक आहे. झोप मात्र लागत नाही.

४ मार्च

संध्याकाळी एका हाताने नॉब दाबून धरला, दुसऱ्या हातात माइक. धाकटी म्हणाली, मांजराला औषध पाजायला बसल्यासारखी दिसतेस. धाकटी म्हणजे माझी बहीण. हे गेल्यापासून माझ्याकडेच राहते. रेडिओतलं तिला ओ की ठो कळत नाही, पण मत प्रत्येक बाबतीत असतं.

पोरगी आज कमी बोलली. लाटा मोठ्या आहेत म्हणाली. मग म्हणाली, बाकी ठीक. बाकी म्हणजे काय? विचारायच्या आत नॉब सटकला नि आवाज गेला. पुन्हा सापडलाच नाही.

उद्या हा नॉब दुरुस्त करायचाच. मी सेटला कधी हत्यार लावलेलं नाही. ह्यांनी घरी बनवलेला, एकेक तार स्वतः जोडलेली. हात लावायची भीती वाटते. न लावायची त्याहून जास्त वाटते.

५ मार्च

केला! मी केला!

आधी भिंतीतली पिन काढली. ह्यांच्या डब्यात अगदी बारकी षटकोनी किल्ली सापडली, ती स्क्रूत घालून सैल केला. तरी नॉब सुटेना. शेवटी त्याच्यामागे जाड दोरा गुंडाळला आणि दोन्ही टोकं धरून ओढला. निघाला तो थेट धाकटीच्या मांडीवर. दांडीवर हिरवट मळ साचला होता. ती पकडीत धरून बारीक कागदाने घासली, कापडाने पुसली. नॉबचं भोक झिजून मोठं झालंय, म्हणून गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी कापून दांडीभोवती गुंडाळली. मग नॉब बसवला, पांढरी रेघ बरोब्बर पोरीशी बोलायच्या आमच्या बेचाळिसावर आणली आणि स्क्रू आवळला. धाकटी बॅटरी धरून सूचना करत होती — जास्त नको आवळूस, कमी नको आवळूस. पण आता नॉब कसा ताठ बसलाय! काडीचा हलत नाही.

रात्र — सात वाजता लावला. ती नाही. अर्धा तास हाका मारल्या. पोरगी दमली असेल.

६ मार्च

नाही.

इतर लोक ऐकू येतात. म्हणजे सेट ठणठणीत आहे. मग ती का नाही?

धाकटी म्हणते, थोडं इकडेतिकडे फिरवून बघ ना ताई. तिला काय सांगू! बेचाळीस ही आमची जागा. ह्यांचा नियमच होता की घरच्याने जागा सोडायची नाही, शोधाशोध बोटीवरच्याने करायची. दोघंही शोधायला निघाले की दोघंही हरवतात. पोरीला लहानपणापासून हे पाठ आहे. मी हलले आणि नेमकी तेव्हाच ती बेचाळिसावर आली तर?

७ मार्च

आजही नाही.

८ मार्च

पेपरात समुद्राचा नकाशा आलाय. त्यावर वाऱ्याचं मोठं चक्र, आणि ते तिच्याच वाटेकडे सरकतंय. धाकटीने तो पेपर लपवला होता. मला गादीखाली सापडला. भांडले तिच्याशी. तीही भांडली. मग दोघी रडलो.

बंदराच्या कचेरीत फोन केला. तिथला कारकून शांतपणे म्हणाला, एकट्या बोटी आठ-आठ दिवस गप्प असतात बाई, यंत्रं बिघडतात, तुम्ही पराचा कावळा करू नका. त्याची पोर आहे का कुठे समुद्रात! मालकाला केला. त्याला बोटीची काळजी. तिची पण असेल, पण आधी बोटीबद्दल विचारलं हे मी ऐकलं.

१० मार्च

आता लिहिते ते लिहायलाही भीती वाटते. मला वाटतं ती गेली.

दिवसभर कामं करते. भांडी घासली, पडदे धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. सात वाजत आले की मुद्दाम काहीतरी काम काढते. सेटसमोर बसायचं म्हणजे रोज एकदा तीच बातमी ऐकायची. आणखी एक. सेटच्या आकड्यांत आमच्या शेजारच्या घरावर रोज दोन म्हातारे आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलत असायचे. तेही पाच दिवस नाहीत! जणू तो सगळा कोपराच कुणी पुसून टाकलाय. धाकटी आज काही बोलली नाही. नुसती शेजारी बसून राहिली. ती गप्प बसली याचीच मला जास्त भीती वाटली.

११ मार्च

माझ्यासारखी मूर्ख बाई दुसरी नसेल.

सकाळी घड्याळ बंद पडलं. सातची वेळ चुकायला नको म्हणून वेळ सांगणाऱ्या स्टेशनवर लावून घ्यावं म्हटलं. ते दिवसभर नुसतं टिकटिक करतं. त्याची जागा ह्यांनी माझ्या नखांच्या रंगाने ठिपका देऊन ठेवलेली. बँडचं बटण फिरवून पट्टा बदलला, रेघ लाल ठिपक्यावर आणली. टिकटिक नाही. हळूहळू फिरवत गेले तर ठिपक्यापासून चांगली पाच घरं पुढे टिकटिक!

स्टेशन काही जागा बदलत नाही. बदलला तो माझा नॉब. दांडी घासताना पकडीत धरून मीच ती फिरवली, आणि वर रेघ तेवढी ऐटीत बेचाळिसावर आवळली. म्हणजे इतके दिवस मी बेचाळिसावर नव्हतेच. भलत्याच जागी बसून हाका मारत होते, नियम पाळून! पोरगी आपल्या जागी बसून माझ्या नावाने ओरडत असेल आणि इकडे मी पडदे धुतेय.

स्क्रू सैल केला, टिकटिक धरून ठेवली, रेघ लाल ठिपक्यावर आणली, आवळला. घाईत किल्ली दोनदा पडली. मग बेचाळिसावर आले. गुडघेवाले दोघे शेजारी हजर! सात वाजेपर्यंत पाणीसुद्धा प्यायले नाही.

रात्र — जिवंत आहे. माझी पोर जिवंत आहे.

पहिल्याच हाकेला आली. म्हणाली, "आई." तेवढंच. मी धडाधड बोलत सुटले — चूक माझी गं, नॉब चुकीचा बसवला, भलत्याच जागी बसले होते, तू रोज हाका मारत असशील! बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं पुन्हा गेली.

मग म्हणाली, "हो. रोज मारल्या." आणि थांबून, "आई, मी काल परत फिरलेय. तुझा आवाज नाही म्हटल्यावर तुला काही झालं असं वाटलं."

१२ मार्च

ती वाचली याचा आनंद एकच रात्र टिकला. पहिली एकटीची खेप, आणि माझ्या चुकलेल्या पाच घरांपायी तिने ती अर्ध्यावर सोडली! मालकाचा सकाळी फोन. तिने त्यालाही बंदरामार्फत कळवलंय. म्हणाला, आईशी बोलणं झालं नाही म्हणून बोट फिरवणारी माणसं मला नकोत. मी मध्ये बोलायला गेले तर ठेवलाच त्याने.

आता नवी भीती. हिचं पुढचं आयुष्य मी एका स्क्रूने बिघडवलं, आणि ती मला कधी बोलून दाखवणार नाही.

१४ मार्च

बोट बंदराला लागली! इतक्या लवकर? दहालाच फिरली म्हणजे अजून आठवडा तरी हवा होता. वारा चांगला मिळाला असेल. मला काय करायचंय, लागली ना!

१५ मार्च

घरी आली. ओठ फुटलेत, तळहातांची सालं गेलीत. दारातच धाकटीच्या गळ्यात पडली, मग माझ्या. मग झोपली ती दुपारीच उठली.

मी मालकाला पुन्हा फोन लावला. ती समोर बसली होती. सगळं सांगितलं, नॉब, दांडी, चंदेरी पट्टी, लाल ठिपका. म्हटलं, गुन्हेगार मी आहे, तिने माझ्यासाठी बोट फिरवली, दुसरी कोण करेल? शेवटी तो म्हणाला, सेटचाच घोळ असेल तर पोरीला काय बोलणार, बघतो, पुढच्या महिन्यात एक लहान बोट आहे.

मला वाटलं ती उड्या मारेल. ताटातलं तसंच ठेवून उठली. धाकटी म्हणाली, दमलीये. मी म्हटलं, रागावलीये माझ्यावर.

१६ मार्च

रागावलेली नव्हती. आज सकाळी मी सेट पुसत होते तेव्हा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, तो नॉब बरोबर असता तरी मी सापडले नसते. मी सेट लावलाच नव्हता. पाच तारखेलाच फिरले मी. त्या लाटा बघून माझे हातपाय चालेनात. तुला कसं सांगू कळेना, म्हणून बंदच ठेवला. अकराला पहिल्यांदा लावला, आणि तूच म्हणालीस चूक तुझी."

माझी पोर, त्या पाण्यात एकटी, एवढी घाबरलेली, आणि मी तिला बापावर गेलेली समजत होते!

जवळ घेतलं. लहान बोटीचं विचारलं तर म्हणाली, माहीत नाही. म्हटलं, नाही तर नाही. मालकाला मात्र नॉबचंच सांगायचं.