पेटीतली बाई उठली का

आबा, तुमाला जाऊन किती पावसाळे झाले ते मी मोजत न्हाई. पण ह्या दिवसांत तुमच्या लेकीला तुमची लई याद येऊन राहिली, म्हणून नातीला समोर बसवलंय. मी बोलते, ती लिहिते. तुमी हे वाचणार न्हाई, ठाऊक हाय मला. जिते असताना तरी कुठं वाचत होता! मेंढ्यांची तोंडं तेवढी तुमाला वाचता यायची. मला तर तेबी न्हाई.

आपल्या साखरा गावात आता नातीनं वाचनाचा गट काढलाय. दर रविवारी आपल्या ओट्यावर जमतात. नात, रिटायर झालेले एक गुरुजी, फाट्यावरचा मोबाईल दुरुस्त करणारा अन् कॉलेजच्या काही पोरी. एक जण मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात, मग भांडतात. यंदा त्यांनी विज्ञानाची कादंबरी घेतली, म्हणजे अजून घडलंच न्हाई अशा काळातली गोष्ट. मला काय ठाऊक? आपल्यात पुस्तक मोठ्यानं वाचायचं म्हणजे पोथी. पहिल्याच रविवारी मी त्याला हळदकुंकू लावलं अन् पुढं नारळ फोडला. कव्हरावर काचेची टोपी घातलेली बाई होती, तिच्या कपाळालाबी कुंकू लावलं. नात तोंडाला ओढणी लावून हसत होती. गुरुजी म्हणले, "राहू द्या, पुस्तकाचं काही बिघडत न्हाई." बिघडलं ते माझं, ऐका.

गोष्ट अशी हाय. जमिनीतलं पाणी सरलं म्हणून माणसं दुसऱ्या ताऱ्याकडं निघाली. वाट इतकी लांब की पोचेपर्यंत म्हातारी व्हायची. म्हणून सगळ्यांना बर्फासारख्या गार पेट्यांत निजवलं अन् राखणीला मशीन ठेवलं. त्यात एक बाई, कमरेला ज्वारीच्या बियाची पिशवी बांधून निजलेली. मशीन तिचे श्वास मोजत असतं अन् मधेच गप होतं. तिथं धडा संपला.

त्या दिवशी ओट्यावर लई गलका झाला. मोबाईलवाला म्हणे, "मशीन चुकत न्हाई, बसवणारा चुकतो." गुरुजी म्हणले, "मग तू निजशील का त्या पेटीत?" तो म्हणे, "मी काहून? माझं लगीन व्हायचं हाय!" पोरी खिदळल्या. मग एकीनं मला विचारलं, "आजी, तुमी निजसाल का?" मी म्हणलं, "मिसरीची डबी उशाला ठेवा, लगेच निजते." सगळे हसले, मीबी हसले. हात मात्र पदराखाली घट्ट धरून ठेवले होते.

कारण माझ्या पोटात गाठ निघाली, आबा. मंगळवारी नांदेडला ऑपरेशन हाय. डॉक्टर पोरगाच हाय, गोड बोलतो. म्हणला, "अम्मा, कुछ पता नहीं चलेगा, बस सो जाना है." कापायचं मला भ्याव न्हाई, बाळंतपणं केलीत मी. भ्याव त्या निजण्याचं हाय. माझे श्वासबी तिथं मशीनच मोजणार म्हणं.

अन् ह्या भल्या माणसांनी काय करावं? परवा सगळ्यांनी ठरवलं, आजी बरी होऊन आल्याशिवाय पुढचं पान उघडायचं न्हाई. माझा मान केला त्यांनी. पण नारळ फोडून बसवलेली पोथी अर्ध्यात ठेवत न्हाईत, हे त्यांना कोण सांगणार? सांगितलं असतं तर म्हणले असते, म्हातारी भ्याली.

तुमाला आठवतं का, एका श्रावणात देवळात पोथी चाललेली असते. वाचणाऱ्याची म्हैस अडते अन् तो अर्ध्यातून उठून पळतो. कथेतला राजा रानात एकटा उभा राहतो. तुमी मेंढीच्या लोकरीचा पुंजका पानात खुणेला ठेवता अन् मला म्हणता, "पोरी, बस इथं. तो रानात हाय, सोबतीला कुणीतरी पायजे." मी परकर आवळून बसते. दिव्याची वात फुरफुरते, मला रडू येतं, पण उठत न्हाई. मग तुमीच येता, घोंगडी माझ्या अंगावर टाकता अन् बाजूला बसता. राखण मी करते अन् माझी राखण तुमी. वाचणारा हसत येतो, रेडकू झालं म्हणतो, पुढं वाचतो अन् राजा रानातून सुखरूप निघतो.

काल तुमच्या घोंगडीची एक दशी तोडली अन् त्या पानात ठेवली. मंगळवारी पुस्तक इथं फळीवर राहील अन् मी तिथं टेबलावर. त्याच्यापाशी बसायला मी नसणार. तुमाला सवड असली तर या, आबा. पुस्तकापाशी बसा न्हाईतर माझ्यापाशी, तुमाला बराबर वाटेल तिथं.

आता ही लिहिणारी मान खाली घालून बसली. लिही गं, नाक पुसून लिही, कागद भिजवू नको. हा कागद कुठं धाडायचा न्हाई, त्याच पानात दशीपाशी ठेवायचाय.

एक सांगायचं राहिलं. गटासमोर मी ऐटीत म्हणलं होतं, शेवट मला कुणी सांगायचा न्हाई, येऊन ऐकते. पण सकाळी वेणी घालताना हिला हळूच विचारलं, ती पेटीतली बाई उठती का गं? ही म्हणली, "आजी, मीबी पुढचं वाचलं न्हाई."

आत्ता मी एवढं सांगितलं अन् हिचा पेन थांबला. वर बघत न्हाई.

मी पुन्हा विचारलं न्हाई, आबा.