विहिरीच्या अलीकडचा दगड

पाडस नदीकाठची छावणी,
मे महिना अर्धा व्हायला तीन दिवस कमी

विबियसदादास नूमेरियसचा नमस्कार.

तू खुशाल असशील तर बरंच आहे, मीही खुशाल आहे. वहिनींची कंबर आता कशी आहे? इतक्या लांबच्या प्रवासात गाडीत खाली भरपूर गवत घाल, वर घोंगडी.

तुझं पत्र मिठाच्या गाड्यांबरोबर आलं. डोंगरातलं शेत चुलतभावाच्या हवाली केलंस, मेंढ्या देऊन टाकल्यास, हे वाचून मी जरा खाली बसलो. तू इतक्या लवकर निघशील असं वाटलं नव्हतं.

तर बातमी अशी की जमीनवाटपाच्या चिठ्ठ्या परवा निघाल्या. रोमहून आलेल्या तिन्ही अधिकाऱ्यांसमोर तुझ्या नावाने मी मडक्यात हात घातला. शेवटच्या चौकोनातला उत्तरेचा वाटा आला. माती काळी आहे आणि तिच्यात दगड नावाला सापडत नाही. आपल्याकडे नांगरापेक्षा पहार जास्त चालायची, तेव्हा पहिलं वर्षभर तुला चुकल्यासारखं होईल. शेजारी एक जुना शिपाई आहे, एका कानाचा. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून तो बोलतो फार.

"विहीर आहे का, तेवढं सांग," असं तू दोनदा लिहिलंस. सांगतो. पण आधी मोजणीचं सांगू दे, नाहीतर तू मला नुसता मूर्ख समजशील.

आम्ही काठीला चार ओळंबे टांगून उगवत्या सूर्यावर पहिली रेष धरतो आणि तिच्यावरून सगळ्या मुलखाचे चौकोन पाडतो. दक्षिणेकडून मी थंडीत सुरुवात केली. नदीकडून माझा वरिष्ठ लार्सियस याने वसंतात. थंडीतला सूर्य एकीकडे उगवतो, वसंतातला दुसरीकडे, हे गुराख्यालाही ठाऊक असतं. आम्हा दोघा शहाण्यांच्या ते ध्यानात आलं नाही. दोघांच्या रेषा भेटायची वेळ आली तेव्हा त्या भेटेनात. मध्ये पाचरीसारखा एक तिरका तुकडा राहिला. असा तुकडा नकाशात कुणाच्याच नावावर चढत नाही. त्यात आधीपासून कुणी राहत असेल, तर त्याला सहसा कुणी उठवत नाही.

लार्सियस मला बाजूला घेऊन म्हणाला, अधिकारी जायच्या आत तुझी शेवटची रेष सरळ कर, म्हणजे पाचर दलदलीत सरकेल आणि आपली अब्रू राहील. मी बरं म्हटलं.

दादा, त्या पाचरीत एक घर आहे; रेष सरळ केली की ते शेवटच्या चौकोनात जातं. घरापुढे विहीर आहे आणि सात नासपतीची झाडं. घर इथल्याच कातुमार नावाच्या म्हाताऱ्या गॉलचं. त्याचे दोन्ही मुलगे लढाईत गेले, आता तो, बायको आणि एक विधवा सून. हिवाळाभर त्यानेच मला हा मुलूख पायाखाली घालून दाखवला. पाणी कुठे साचतं, जुना चर कुठून जातो, कुठली माती फसवी. मला ताप आला तेव्हा त्याच्या बायकोने राळ्याची पेज पाजली. मी पेज प्यायलो, त्याच्या चुलीशी पाय शेकले, आणि ते घर आमच्या आखणीत जाणार हे माहीत असून एक अक्षर बोललो नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू. मला लाज वाटते, दादा.

लोक म्हणतात, रोमने हा मुलूख तलवारीने घेतला. तलवार चार उन्हाळे चालली. बाकी सगळा आम्ही घेतला, दोरी धरून. आणि आपण तरी कोण? आपल्या पणजोबांचं खालचं शेत याच रोमने घेतलं. मग आजोबांना मताचा हक्क दिला, बाबांना सैन्यात घेतलं आणि माझ्या हातात ओळंबा दिला. एवढं झाल्यावर आपणही 'आमचा रोम' म्हणू लागलो. मीही म्हणतो, आणि मनापासून म्हणतो.

चिठ्ठीत तुझं नाव त्याच चौकोनावर आलं, तेव्हा मात्र मी कातुमारकडे गेलो. सगळं सांगितलं, जमीन माझ्या सख्ख्या भावाला मिळाली हेही. तो नासपतीच्या फांद्या बांधत होता. त्याने हातातलं काम थांबवलं नाही.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो म्हणाला. "दुसऱ्याचं शेत कुणी हौसेने मोजत नाही."

"मग मला सगळं दाखवलंत कशाला?"

"जो येईल तो भलत्या जागी पेरेल आणि मग मातीला शिव्या देईल. तिने काय केलंय?"

सून आतून येऊन दारात उभी राहिली होती.

काल सकाळी हद्दीचा शेवटचा दगड बसवला. रेष सरळ केली नाही. लार्सियसला सांगितलं, केली. त्याला घरी जायची घाई आहे, तो बघायला आला नाही. दगड विहिरीच्या चाळीस पावलं अलीकडे आहे. खड्ड्यात कोकरू जाळलं, मध आणि दारू ओतली, आणि निखारे गरम असतानाच वर दगड उभा केला. आता तो जो हलवील त्याच्यावर आणि त्याच्या बैलांवर देवाचा कोप, हे तुला मी सांगायला नको. मुद्दामच घाई केली, नाहीतर तुझी मुलं डोळ्यांपुढे आली असती आणि मी तो पलीकडे रोवला असता.

तुझा वाटा त्यामुळे एक पंचमांश कमी झाला. तुझ्या जमिनीत विहीर नाही. नवी खणायला आपण दोघे हात लावू, पण पाणी खोल आहे, पुढचा उन्हाळा तरी जाईल. तुला विचारून हे झालं नाही. विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास, आणि चार मुलांच्या बापाने तेच म्हणायला हवं. शिव्या द्यायच्या असतील तर इथे येऊन दे, मी ऐकून घेईन. पण ये.

तोवर पाणी कातुमारच्या विहिरीवरून भरावं लागेल. मी त्याला विचारलं, माझ्या भावाला भरू द्याल ना? त्याने आणखी एक फांदी बांधली. मग म्हणाला, "दारात उभं राहून मागितलं, तर नाही म्हणणार नाही."

मागशील ना, दादा?

तुझ्या वाट्यातलं तुला न विचारता देऊन बसलेला तुझा धाकटा,
नूमेरियस