बाईमाणसाची काठी

१२ नोव्हेंबर १९८१, गुरुवार

राग अजून उतरला नाही. भावाचं रत्नागिरीहून पत्र आलं, ताई, या वेळी मासे धरायला होडीतून समुद्रात जाऊ, रीळवाली काठी घेऊन ये. म्हणून यांना घेऊन धरमपेठेतल्या दुकानात गेले. बाबांसोबत अंबाझरी तलावात गळ टाकायचे ती मी. यांनी मासा फक्त ताटात पाहिलेला. तरी दुकानदार प्रत्येक काठी यांच्याच हातात देत होता.

मी म्हटलं, सात फुटी दाखवा, शेंडा नरम, बुडाशी ताकद. आमिषाचा हलका, चकाकता चमचाही फेकता यावा आणि सुरमई लागली तर ओढताही यावी. आणि दोरा ओवायच्या कड्या खाऱ्या पाण्यात गंजायला नकोत.

तो यांच्याकडे बघून म्हणाला, "बाईमाणसाले ही पाच फुटी बरी, साहेब. हलकी आहे."

कड्या साध्या लोखंडी. मी दोनदा बोटानं दाखवल्या. हे म्हणाले, "अवं, तो रोज हेच विकून राहिला, त्याले समजत नाही का?" आणि बांधून घेतली.

मी काहून बांधू दिली? त्याच कड्या डोळ्यांसमोर. घरी आल्यावर चहासुद्धा टाकला नाही. काठी उचलली आणि एकटीच परत गेले.

"साहेब नाही आले?" दुकानदारानं विचारलं.

"मासे मी धरते. सात फुटी काढा."

बदलून आणली. जेवताना यांनी विचारलं, रत्नागिरीची दोन तिकिटं काढू ना? मी एकच काढायला सांगितलं.