बसस्टॉपवरची बाई

बरबँक, कॅलिफोर्निया
मंगळवार, १९ एप्रिल १९९४

प्रिय व्हर्ना,

आज सकाळी ग्रेचेनने तारीख पक्की केली. ग्रेचेन म्हणजे आमच्या कार्टून मालिकेची सगळी व्यवस्था बघणारी बाई; तिने सांगितलं की त्यात बदल नाही. मालिकेतल्या बाईची, मिसेस टॉफेटची, चित्रं पुढच्या शुक्रवारी, २९ तारखेला, दुपारी बाराच्या आत पार्सलात बांधून कोरियाला जायची आहेत. तिकडे शंभरेक माणसं ती समोर ठेवून हजारो चित्रं काढतील. पार्सल एकदा गेलं की तिच्या नाकाची रेघसुद्धा बदलता येत नाही. सप्टेंबरात मालिका टीव्हीवर येईल.

तू बरी असशील. सरोवरावरचा बर्फ फुटला का? स्मेल्ट मासे निघाले असतील तर शेजारच्या आर्नने बादलीभर आणून दिलेच असतील, आणि तू 'एवढे कोण खाणार' म्हणत सगळे तळले असशील. माझा खोकला गेला. तू विणलेल्या हातमोज्यांचा इथल्या उन्हात काही उपयोग नाही, पण ते माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

परवा रविवारी फोनवर तू म्हणालीस, "टिल्ल्या, पेपरात तुझं नाव आलंय. 'आपल्या डुलुथच्या मुलाची नवी मालिका.' खाली त्या बाईचं चित्र. आमच्या शाळेच्या कॅफेटेरियात पोरांनी ते काउंटरवर चिकटवलंय. म्हणतात, मिस व्हर्ना, ह्या तुम्हीच! मी म्हटलं, माझं नाक एवढंसं नाही, आणि तू आधी ताटातलं गाजर संपव."

मी हसलो. तूही हसलीस. मग जरा थांबून विचारलंस, "मी आहे का रे ती?"

"छे!" मी म्हणालो. "ती तर पेअरचं फळ आहे. पेअरला हातपाय लावलेत."

"बरं," म्हणालीस, आणि हवेचं बोलायला लागलीस.

ती तूच आहेस, व्हर्ना.

दोन वर्षांपूर्वी मी दुकानांच्या पाट्या रंगवत होतो आणि शनिवारी सकाळी मिस प्रुइटच्या चित्रकलेच्या वर्गाला जात होतो, हे तुला माहीत आहे. सत्तरीची बाई, केसात कायम दोन पेन्सिली खोचलेल्या. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं की कुठलंही पात्र गोल, चौकोन आणि त्रिकोण यांतूनच उभं करायचं. गोल माणूस आपलासा वाटतो, चौकोनी भरवशाचा, त्रिकोणी दिसला की आपण जरा जपून राहतो. मला हसू आलं. मी पाच वर्षांचा असताना तू हेच शिकवलं होतंस. ब्रेडच्या कागदावर कॉफीचा मग ठेवून गोल, काड्यापेटी ठेवून चौकोन. आजी काढायची तर कॉफीचा मग, पोलीस काढायचा तर काड्यापेटी.

पण माझी चित्रं निर्जीव व्हायची. मिस प्रुइट सगळ्यांसमोर म्हणायची, "लायल, हा माणूस आहे की फ्रिज? डावीकडे जेवढं, तेवढंच मोजून उजवीकडे. डोकं पोटाएवढं, पोट डोक्याएवढं. एक आकार मोठा घे, एक मधला, एक अगदी चिमुकला. आणि देवाशपथ, त्याला कुठेतरी झुकू दे!"

वर्ग संपताना ती सगळ्यांची चित्रं भिंतीला लावायची आणि जाड मार्कर घेऊन एकेक चित्र पूर्ण काळं करून टाकायची. डोळे, गुंडी, हसू, सगळं शाईखाली. मग विचारायची, हा कोण? नुसत्या काळ्या आकारावरून सांगता आलं तर चित्र भिंतीवर राहायचं, नाही तर टोपलीत. मी अकरा आठवडे टोपलीत गेलो.

बाराव्या शनिवारी मी तुला काढलं. खाली जड होत गेलेलं, पोत्यासारखं अंग, डावीकडे झुकलेलं. त्यावर काड्यापेटीएवढं डोकं. उजवा हात कमरेवर, कोपर बाहेर आलेलं, पोरं रांगेत ढकलाढकली करतात तेव्हा तू उभी राहतेस तशी. आणि खाली दोन इवलीशी पावलं. तुझा चष्मा घेतला नाही, केसांची जाळी नाही, ऍप्रन नाही. मला वाटलं, एवढं सगळं गाळल्यावर कोण ओळखणार आहे? खरं तर मी जे गाळलं ते कुठल्याही कॅफेटेरियातल्या कुठल्याही बाईचं होतं. कागदावर राहिलं तेवढं तुझ्या एकटीचं होतं. हे मला मिस प्रुइटने चित्र काळं केल्यावर कळलं. भिंतीवर तू उभी होतीस.

वर्ग हसला. वाईट हसला नाही, व्हर्ना. मागून थिओ ओरडला, "ही मला दोनदा वाढेल आणि चार वेळा ओरडेल!" मिस प्रुइटने मार्करचं टोपण लावलं आणि विचारलं, "कोण आहे ही?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "बसस्टॉपवर दिसली होती एक बाई."

"पाच मिनिटं बसस्टॉपवर बघून हे येत नाही, लायल."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं." परवा तू म्हणालीस तसंच.

त्या एका चित्रावर मला ही नोकरी मिळाली. इथेही विचारलं तेव्हा बसस्टॉपच सांगितला. बहीण आहे म्हटलं असतं, तर ती डावीकडे का झुकलीय तेही कुणीतरी विचारलं असतं.

हे सगळं मी रविवारी फोनवर सांगू शकलो असतो. पुढचं तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून पत्र.

फेब्रुवारीत चित्रं हलती करणाऱ्या मंडळींनी विचारलं, ही बाई चालते कशी? कोरियाला पाठवायच्या चित्रांत चालही असते. "नुसतं सांगू नकोस, चालून दाखव," म्हणाले. मी उठलो. हातात वाढायच्या डावाऐवजी पट्टी घेतली, दुसरा हात कमरेवर ठेवला आणि लांबलचक व्हरांड्यातून तुझ्यासारखा चाललो. डावं पाऊल लांब, उजवं अर्धगोल फिरवून ओढत आणायचं. लोक पोट धरून हसले. "पुन्हा! पुन्हा!" मी चार वेळा चाललो. त्यांनी त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं. चौथ्या वेळी मी अडखळून पडलोसुद्धा, सूपचं पातेलं हातातून निसटल्यासारखा. तू कधी अशी पडली नाहीस. ती माझी भर. त्यांना इतकी आवडली की आता मिसेस टॉफेट प्रत्येक भागात एकदा पडते.

मी सात वर्षांचा होतो, तू एकोणीसची. सरोवरावर मार्चचा, पातळ झालेला बर्फ होता. जाऊ नकोस म्हणून तू बजावलं होतंस आणि मी उडालेल्या टोपीमागे गेलो. बर्फ फुटल्यावर तू बोटींच्या धक्क्यावरून सरळ खाली उडी मारलीस, खालच्या खडकावर तुझं कंबरेचं हाड मोडलं, आणि तशीच पाण्यात शिरून तू मला वर फेकलंस. सत्तावीस वर्षांत एकदाही तू त्याचा उल्लेख केला नाहीस. भांडतानासुद्धा नाही. आणि मी ती चाल व्हरांड्यात चार वेळा चालून दाखवली.

ग्रेचेनने तारीख सांगितली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "शुक्रवारपर्यंत दुसरी काढशील?" मी हो म्हणालो. "पण लायल, अशी पुन्हा जमणार नाही, तुला माहीत आहे ना?" तेही हो म्हणालो.

जेवणाच्या सुट्टीत बसून चार काढल्या. त्यातली एक बरी आहे. बनपावासारखी गोल, सरळ उभी, दोन्ही बाजू सारख्या. ती पडत नाही. मिस प्रुइटने तिला टोपलीत टाकलं असतं. हीच जाईल. तुला मी विचारत नाही, कळवतो आहे. विचारलं तर तू 'राहू दे रे' म्हणशील, आणि खरं सांगायचं तर तू तसं म्हणावंस याची वाट बघत बसेन, इतका मी अजून त्या चित्रात अडकलेला आहे. व्हिडिओची टेप मी मागून घेतली. ती माझ्या खणात आहे, हातमोज्यांखाली.

सोबत पहिलं चित्र पाठवतो. घरून वर्गात नेण्याआधी मी त्याची नक्कल काढून ठेवली होती, तीच ही; तिला काळी शाई लागलेली नाही. तुझं आहे. ठेव किंवा फाड.

सोमवारी दहा वाजता नवी बाई भिंतीवर लागेल आणि सगळे विचारतील, जुनीला काय झालं? तेव्हा ती चाल कुणाची आणि ती कशी आली, हे मी त्यांना उभं राहून सांगणार आहे. त्याआधी रविवार आहे. हे पत्र तुला शनिवारी मिळेल. नेहमीसारखा चार वाजता तुझा फोन आला, तर मी पहिल्याच घंटेला उचलेन. हवं ते बोल, ओरड. फक्त 'बरं' म्हणून हवेचं बोलू नकोस.

बसस्टॉपवरच्या बाईचा धाकटा भाऊ,
लायल