घरपट्टीच्या अर्जातली एक ओळ

१४ मार्च

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. धाकटीचा पुढचा दात पडला, तुमच्या जावयांची पाठ अधूनमधून कुरकुरते, मी आहे तशीच, म्हणजे तोंडाळ. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र. पत्राला निदान वाजत बसावं लागत नाही.

मुख्य बातमी घरपट्टीची. वरचा मजला झाल्यावर नवी आकारणी आली आणि आमचे डोळेच पांढरे झाले. नोटीस नीट वाचली तेव्हा कळलं, उघडी गच्ची त्यांनी खोली म्हणून धरली होती. शिवाय बांधकामाला ‘उत्तम’ दर्जा लावला होता, आणि दर्जा जितका वरचा तितका दर चढा. मी हरकतीचा अर्ज केला. गच्चीबद्दल लिहिलं. दर्जाबद्दलही एक ओळ लिहिली, ती पुढे सांगते.

पाहणीला एक वयस्कर काका आले. चहा नको, पाणी नको, सरळ मोजायची फीत काढली. "ही खोली? वर छप्पर कुठंय?" म्हणत स्वतःच्याच ऑफिसला दोन शब्द सुनावले. मग पिशवीतून ओळंबा काढून चारही कोपऱ्यांत सोडून पाहिला. शेवटी जिन्याशी उभे राहिले, डोळे मिटले आणि चढायला लागले!

"अहो काका, कठडा बसायचाय अजून!" मी ओरडले.

वर पोहोचून म्हणाले, "सतरा पायऱ्या, पण पाय कुठे अडखळला नाही. उंचीत केसभरही फरक नाही. गवंडी कोण?"

"आमचे बाबा."

"मग बाई, अर्जात असं कसं लिहिलंत?"

मी जिन्याकडे बघितलं. तुम्ही एक पायरी फोडून पुन्हा केली होतीत, तेव्हा मीच म्हटलं होतं, "एवढं कोण बघणार आहे?"

सुनावणीत साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचला. गच्चीचा मुद्दा लगेच मान्य झाला. मग ती ओळ आली: ‘ठेकेदार न परवडल्याने वरचा मजला वडिलांकडून करून घेतला असून काम कामचलाऊ आहे.’

बाबा, ऑफिसच्या मैत्रिणींना घर दाखवताना मी हेच बोलले होते. तुम्ही जिन्यात घमेलं घेऊन उभे होतात. मला दिसला होतात. मी न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही थापी-ओळंबा पिशवीत भरून चहा न घेता निघून गेलात, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की बाबांना दुसरीकडचं काम आलंय. खरं ते असं, की मैत्रिणींसमोर मला तुमच्या सिमेंटच्या हातांची लाज वाटली. हे लिहायला मला आठ महिने लागले.

मी साहेबांना म्हटलं, "ती ओळ खोडायचीय."

"अहो, दर उतरवायला तेवढाच मुद्दा आहे तुमच्याकडे. खोडलीत तर दर्जा उत्तमच राहील."

"उत्तमच आहे," मी म्हटलं. पेन मागून घेतलं, ओळ खोडली आणि बाजूला सही केली. कोपऱ्यात बसलेले काका गालातल्या गालात हसत होते.

तर गच्ची वगळली, दर्जा राहिला. तुमचे जावई म्हणाले, "म्हणजे सासऱ्यांच्या कौतुकाची पट्टी दरवर्षी भरायची?" आणि मग स्वतःच निकालाचा कागद फ्रेम करून जिन्यात टांगला. खिळा तिरका ठोकलाय. तुमच्या भिंतीवर तेवढंच एक वाकडं आहे.

कठडा अजून बसवलेला नाही. एक कारागीर बघून गेला, मी नको म्हटलं. भिंतीला हात लावून चढतो आम्ही. धाकटी मात्र त्या काकांचं बघून डोळे मिटून चढते. माझ्या ओरडण्याचा उपयोग नाही, ती फक्त तुमचं ऐकते.

अर्जातली ओळ मी खोडली, बाबा. पण तुमच्यादेखत बोललेली खोडायला माझी एकटीची सही पुरणार नाही. या.

तुमची,
गवंड्याची मुलगी